आसरांचा वाफा

ठिबक बसवलं तर सुबराव पुकळ्याचा काय काय फायदा होणार, ते मी त्याच्याच बांधावर बसून त्याला वाचून दाखवत होतो.

"पाटानं पाणी देता तेव्हा सव्वादोन एकर डाळिंब भिजायला किती दिवस लागतात?"

"लाइट नीट आसली तर तीन."

"ठिबकनं रोज दीड तास. तेही तुम्ही घरी बसून. दारं धरायला चिखलात उभं राहायचं नाही, म्हणजे गुडघे वाचले. पाणी फक्त झाडाच्या बुडाशी, म्हणजे मधलं गवत गेलं, वैनींची खुरपणी वाचली. विहीर होळीला तळ दाखवते..."

"होळीच्या आधीच."

"...ती मेअखेरपर्यंत पुरेल. वर निम्मा खर्च सरकारचा."

सुबरावनं तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तो माझ्याकडं बघत नव्हता, रस्त्याकडं बघत होता. चिमूट तोंडात सारून म्हणाला, "बोर्ड लावत्यात म्हनं."

"लावतात. प्रात्यक्षिक प्लॉट म्हणून. शेतकऱ्याच्या नावासकट."

"मोठ्या अक्षरात?"

"रस्त्यावरून वाचता येईल असं."

"आन सरपंचाचं नाव?"

"सरपंचाचं कशाला? रान तुमचं."

सौदा तिथं पटला. गुडघे, गवत आणि विहीर मी उगाच मोजली होती.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माणदेशातलं धुळकवाडी हे गाव. मी तेव्हा तालुक्याच्या एका ठिबक विक्रेत्याकडं रोजंदारीवर होतो. शेत मोजायचं, नकाशा काढायचा, नळ्या अंथरायच्या, कागद गोळा करायचे. मालकानं सांगून ठेवलं होतं की एका ओढ्याच्या कडेनं सलग वीस शेतकरी जमव, तुला पगारावर घेतो, गाडी देतो. सुबरावचं रान त्या ओढ्यावर सगळ्यात वर आणि रस्त्याला लागून होतं. त्यानं बसवलं की खालचे आपोआप बसवणार. त्यामुळं सुबरावच्या फायद्याची यादी वाचताना मी त्यात माझाही फायदा मनातल्या मनात मिळवत होतो.

सौदा पटल्यावर मी टेप काढला आणि रान मोजत खाली उतरलो. सगळ्यात खालच्या टोकाला, बांधाच्या वरच्या अंगाला, तीन गुंठ्यांचा एक वाफा होता. त्यात डाळिंब नव्हतं. नुसता लव्हाळा माजला होता.

"हा रिकामा का ठेवला?"

"रिकामा न्हाई. आसरांचा हाय." सुबरावनं पायातलं पायताण बाजूला काढलं. बांधाच्या कोपऱ्यात शेंदूर लावलेले सात दगड होते, पाण्यातल्या सात देवींचे. "आबानं घालून दिल्याली रीत हाय. समदं रान भिजलं का शेवटाला ह्यो वाफा काठोकाठ भरायचा. बांधावरनं वघळ गेला पायजे. मगच मोटर बंद."

आबा म्हणजे त्याचा बाप. जाऊन आठ वर्षं झाली होती.

मी वाफ्याची लांबी-रुंदी घेतली. जमीन तिथं मुरमाड होती, पाणी ठरत नसणार. हिशेब मांडला तर तो एकटा वाफा अर्ध्या एकराएवढं पाणी पीत होता.

"सुबराव, सातजणींना एवढं पाणी? रोज न्हाऊन केस वाळवत बसतात का काय?"

सुबराव हसला. हसल्यावर त्यानं इकडंतिकडं बघून घेतलं, कुणी ऐकलं तर नाही. देवीच्या थट्टेवर तो पहिल्यांदाच हसला असावा.

"त्यांना वर्षाला एक नारळ द्या," मी म्हणालो. "इथं बत्तीस झाडं बसतात."

"बत्तीस?"

"मोजून."

त्यानं पायताण परत पायात घातलं.

कागद गोळा करताना अडचण निघाली. सातबाऱ्यावर सुबरावच्या जोडीला त्याच्या थोरल्या बहिणीचं, हौसाबाईचं नाव होतं. बहिणीनं हक्क सोडल्याचं घरात ठरलं होतं, पण तलाठ्याकडं कुणी गेलंच नव्हतं. तिचं संमतीपत्र लागणार होतं.

"तुमीच जावा," सुबराव म्हणाला. "मी गेलो तर तिला वाटंल, भाऊ सही मागाय आला. बाहेरचा माणूस बरा."

हौसाक्का बांधाच्या खाली, ओढ्याच्या काठाला राहायची. बारा गुंठ्यांचा तुकडा, एक छपरी, आणि बुडकी. बुडकी म्हणजे पुरुष-दीड पुरुष खोल खड्डा, आतून दगडांनी नुसता रचलेला. पन्नाशी ओलांडलेली बाई. तरुणपणी नवऱ्याचं घर सोडून आली, ती परत गेली नाही. बापानं हा तुकडा तिला करून खायला दिला. त्यात तिचे अठरा वाफे होते. वांगी, मेथी, मिरची, दारापुढं थोडा झेंडू. बुधवारी आणि शनिवारी बाजार. ओढा दिवाळीला कोरडा पडायचा, पण बुडकी मेपर्यंत चालायची. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की हौसाक्काच्या बुडकीत आसरा राहतात.

त्या बुडकीच्या पाण्यावर तिनं एक गोष्ट कमावली होती. भावाच्या घरातलं ती काही घेत नव्हती. ज्वारी नाही, तेल नाही, सणाला आलेलं पुरणाच्या पोळीचं ताटसुद्धा आपल्या भाजीनं भरूनच परत पाठवायची. त्यामुळं भावजय कोंडाबाईला बोलायला जागाच नव्हती. आणि कोंडाबाईला बोलायला जागा न ठेवणं धुळकवाडीत दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं.

मी गेलो तेव्हा ती वांगी तोडत होती. मी शाईची डबी काढली.

"ती डबी ठिवा आत. सही येती मला."

"शाळेत गेला होता, आक्का?"

"शाळंत न्हाई. कोर्टात शिकले. पोटगीच्या तारखा सात वर्सं चालल्या. पोटगी न्हाई मिळाली, सही मिळाली."

मी हसलो. ती हसली नाही. कागद हातात घेऊन तिनं तो उलटासुलटा करून बघितला.

"समदं रान नळ्यांनीच भिजणार?"

"सगळं. थेंबसुद्धा वाया जाणार नाही."

"मंग आसरांचा वाफा?"

पेन तिच्या हातात होतं, टोपण काढलेलं.

"देवीच्या कामात आम्ही हात घालत नाही, आक्का."

"म्हंजी ऱ्हाईल?"

"राहील."

"आन भरत जातील? आता भरत्यात तसा?"

"आता भरतात तसा."

"तुमी सांगताय न्हवं?"

"मीच सांगतोय. नकाशा मीच काढलाय."

नकाशा माझ्या पिशवीत होता. त्या जागेवर मी आदल्या दिवशीच पेन्सिलीनं बत्तीस टिंबं दिली होती.

तिनं सही केली. सावकाश, एकेक अक्षर पुरतं करून. मग पाटीतली किलोभर वांगी माझ्या पिशवीत घातली. मी पैसे काढले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. भावाच्या कामाला आलाय." खोटं बोलल्याचं मला काही वाटलं नाही. बाईमाणूस, देवधर्म, चार गोड शब्द. कागद पुरा झाला होता. वांगी चांगली निघाली.

संक्रांतीनंतर ठिबक सुरू झालं. माझा एकही आकडा चुकला नाही. दीड तास म्हणालो होतो, सव्वा तासातच झाडं भिजत होती. गवत गेलं. सुबराव दुपारी पारावर बसायला लागला. कुणी विचारलं, पाणी कोण देतंय, की म्हणायचा, "चालू हाय घरी," जसं काही भात शिजत होता. बोर्ड लागला. रस्त्यावरून वाचता यायचा.

मार्चमध्ये बाजारात हौसाक्का भेटली. समोर नेहमीच्या निम्मी भाजी.

"काय आक्का, आज लवकर संपली वाटतं."

"संपली न्हाई. आलीच येवढी. अठरा वाफं भिजत हुतं, आता चौदा भिजत्यात." तिनं तागडी खाली ठेवली. "तुमच्या नकाशात वाफा हुता म्हनं."

"होता. मागनं बदलावा लागला. वरनं तसं आलं."

वरनं म्हणजे कुठून, ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. तिनं पुढच्या गिऱ्हाइकाला मेथीची जुडी दिली.

एप्रिलमध्ये नऊ वाफे. मेमध्ये पाच. तिनं वांगी सोडून दिली आणि मिरची जगवली. मी तिला विचारत नव्हतो, तीच सांगायची. तक्रार नाही, रडणं नाही, नुसता आकडा. दर बाजारी एक आकडा. मला वाटायचं, पाऊस पडला की भागेल.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. अगदी भरून झाला, म्हणजे दुष्काळावर ढकलायलाही जागा उरली नाही. बुडकी भरली. आणि दिवाळीनंतर महिन्याभरात पुन्हा तळाला गेली. गावानं आपला निकाल दिला. पुकळ्यांनी वाफा मोडला, आसरा रागावून उठून गेल्या. मी हॉटेलात चहा पिताना हे ऐकलं आणि चारचौघांत मोठ्यानं हसलो. चौघांतले दोघं माझ्याबरोबर हसले. दोघांनीही पुढच्या महिन्यात ठिबकचे अर्ज भरले.

फेब्रुवारीत सुबरावच्या रानात शेतकरी मेळावा ठरला. शेतीखात्याचे मोठे साहेब येणार होते, आसपासच्या तीन गावांतले साठ शेतकरी येणार होते. मालक मला म्हणाले होते, करांडे, हा मेळावा नीट पार पाड, सोमवारपासून तू पगारावर.

त्या सकाळी आठला मी प्लॉटवर पोचलो. पोचलो आणि पाय चिखलात गेला.

खालच्या कोपऱ्यात, त्या बत्तीस झाडांमध्ये, पाणी पसरत होतं. सुबरावनं फिल्टरच्या तोंडाला पाइप जोडून सरळ तिथं सोडला होता. बांधावर कोंडाबाई ओटीचं ताट घेऊन उभी होती. हिरवा खण, नारळ, हळदीकुंकू. सातही दगडांना ताजा शेंदूर. जरा लांब हौसाक्का उकिडवी बसली होती, पदर डोक्यावर, पाण्याकडं बघत.

"हे काय चाललंय?"

"आवं जरा..." सुबराव गल्ल्यात हात घालताना सापडल्यासारखा झाला. "देवीचं तेवढं करून घेतो. तुमचं सायेब याच्या आत समदं जिरतंय."

कोंडाबाई म्हणाली, "मीच सांगितलं करा म्हनून. गावात तोंड दाखवायची सोय ऱ्हायली न्हाई. आन ह्यांच्या पोटात चार दिस झालं दुखतंय."

"वैनी, ते तंबाखूनं दुखतंय."

"तंबाकू तीस वर्सं खात्यात. पोट आत्ता दुखतंय."

"सुबराव, साहेब अकराला येणार. ठिबकच्या प्लॉटमध्ये असं तळं बघितलं तर बोर्ड काढून नेतील."

बोर्ड म्हटल्यावर सुबरावनं रस्त्याकडं बघितलं. पण वाकला नाही, कॉक बंद केला नाही. "येकदाच," म्हणाला. "येवढ्या खेपंला."

"आणि त्या साठ जणांना काय सांगायचं? सात बाया आंघोळीला आल्या होत्या? अहो, देवी-बिवी काही नसतं. बुडकी आटायची होती, आटली. ह्या वाफ्याचा आणि त्या बुडकीचा संबंध काय?"

"संबंध हाय."

हौसाक्का बोलली. उठली नाही, जागेवरूनच.

"सुबा, ते ठिबकवाले खरं बोलत्यात. देवी न्हाई. कवाच नव्हती."

कोंडाबाईनं ताटासकट हात कानाला लावायचा प्रयत्न केला.

"मी माघारी आले तवा हितं खाली पाणी नव्हतं," हौसाक्का म्हणाली. "आबानं बुडकी खांदली ती कोरडी लागली. मंग त्यानं वरनं ह्या वाफ्यात पाणी तुंबवून बघितलं. तिसऱ्या दिशी बुडकीच्या दगडास्नी वल आली. पाचव्या दिशी हंडा बुडाला. हितला मुरूम पाणी धरत न्हाई, खाली सोडतो. आबा मला म्हनला, हौसे, ही तुझी वाटणी. पन भावाला सांगू नगं. आज त्यो देईल, उद्या त्याची बायकू मोजील. मी ते देवीच्या नावावर टाकतो. देवीचं कोन मोजत न्हाई."

पाइपमधून पाणी पडायचा आवाज येत होता. मला त्या मेलेल्या म्हाताऱ्याचं कौतुक वाटलं, एवढंच आठवतं. कागद नाही, साक्षीदार नाही, तलाठी नाही, आणि मुलीचं पाणी वीस वर्षं बिनबोभाट चालू राहिलं. ते देवीची थट्टा करणारा कुणीतरी येईपर्यंत.

पहिल्यांदा हलली ती कोंडाबाई. तिनं नारळावरचा खण उचलला, घडी घातली आणि कमरेला खोचला.

"म्हंजी वीस वर्सं आमीच तुमच्या वांग्यास्नी पाणी पाजलं म्हना की. आन सणाला ताट भरून माघारी यायचं ते आमच्याच पाण्याचं."

"कोंडे, तू गप," सुबराव म्हणाला. पण तो बहिणीकडं बघत नव्हता. "मी पौषातल्या थंडीत रातचा उठून ह्यो वाफा भरलाय आक्का. ताप आसताना भरलाय. आबानं मला येडं केलं. तुमी दोघांनी मिळून येडं केलं."

"व्हय."

"मला सांगितलं आसतं तर मी न्हाई म्हनलो आसतो?"

"आता सांगितलंय," हौसाक्का म्हणाली.

सुबराव देवीसाठी पोटात दुखत असताना वाफा भरायला आला होता. देवी राहिली असती तर त्यानं तो भरलाच असता, माझं न ऐकता, बोर्ड गेला असता तरी. आणि देवीला मीच घालवलं होतं, हौसाक्कानं नव्हे. मी संबंध काय असं विचारलं, म्हणून तिला सांगावं लागलं.

मग तो माझ्याकडं वळला.

"करांडे, डाळिंबाला पाणी तुंबल्यालं चालतं का?"

हे मला विचारायची त्याला गरज नव्हती. डाळिंबातलं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्याला उत्तर नको होतं, उत्तर देणारा माणूस पाहिजे होता.

हौसाक्का बोलत होती तेव्हाच मी मनात हिशेब केला होता. सवयच ती. ठिबकमुळं जेवढं पाणी वाचत होतं, त्याच्या सातव्या हिश्श्यात तिचे अठरा वाफे भिजत होते. वाफा भरायचीही गरज नव्हती. फिल्टरपासून एक साधी नळी बांधाखाली सोडली असती, रोज वीस मिनिटं, तर झाडंही राहिली असती आणि बुडकीही. नळी मी आणलेल्या दुकानाच्या टेम्पोत पडून होती. पण एका प्लॉटवर अशी नळी दिली की ओढ्याखालचा प्रत्येकजण विचारणार, ही कुठं जाते, का जाते, कुणाला जाते. मग प्रत्येकाच्या बांधाखाली कुणीतरी निघालं असतं. आणि अकराला साहेब येणार होते.

"मूळकूज होते," मी म्हणालो. "बत्तीसही झाडं जातील."

सुबरावनं वाकून कॉक बंद केला.

"बघ की आक्का," तो म्हणाला. आवाज मऊ होता. "डाळिंबाला चालत न्हाई. मी न्हाई म्हनत, त्येच सांगत्यात."

हौसाक्का गुडघ्यावर हात देऊन उठली. लुगड्याची माती झटकली.

"बत्तीस व्हय?" तिनं मला विचारलं.

"हो."

"कवा मोजली?"

मी टेम्पोकडं बघितलं. तिला तेवढं पुरलं असावं. ती बांधावरून खाली उतरून गेली.

पाणी खरंच अकराच्या आत जिरलं. मी वर कोरडी माती पसरून घेतली.

मेळावा झकास झाला. साहेबांनी भाषणात सांगितलं की पूर्वी या रानातलं निम्मं पाणी वाया जात होतं. सुबरावला माइक दिला तेव्हा त्यानंही सांगितलं, "निम्मं वाया जात हुतं." टाळ्या झाल्या. साहेबांना कुणीतरी सातबारा दाखवला होता. त्यावर बाईचं नाव बघून ते खूश झाले. महिला खातेदाराचा सत्कार झालाच पाहिजे, म्हणाले. हौसाक्काला खालून बोलावून आणलं. बायकांच्या मागच्या रांगेतून ती पुढं आली. साहेबांनी तिला गुलाबी शाल आणि नारळ दिला. नारळ ओळखीचा होता, सकाळी कोंडाबाईच्या ताटात होता. सत्काराला एक कमी पडला म्हणून मीच तो तिथून मागून आणला होता.

"ताई, दोन शब्द बोला," साहेब म्हणाले. "ठिबक कसं वाटतं तुम्हाला?"

सुबराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. कोंडाबाईनं पदर तोंडाशी नेला. तिनं तिथं नुसता आकडा सांगितला असता तरी पुरे होतं. आज एक वाफा, म्हणाली असती, तर साठांतल्या निम्म्यांना कळलं असतं. तेही बुडक्या बघतच मोठे झालेले होते.

तिनं माइककडं बघितलं. मग समोरच्या माणसांकडं. सगळ्यांकडं सारखंच.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पाणी कमी लागतं."

आणि जाऊन बसली.

टाळ्या झाल्या. त्या दुपारी मी एकेचाळीस अर्ज भरून घेतले. सोमवारपासून मला पगार सुरू झाला.

पुढचं सगळं रीतसर झालं. बुडकी त्या होळीला आटली ती पावसापर्यंत. सुबराव वाईट माणूस नव्हता. त्यानं बहिणीला सांगितलं, ते छप्पर सोड, घरी ये. तिच्या बारा गुंठ्यांत त्यानं नळ्या टाकल्या, डाळिंब लावलं. त्याचा नकाशा मीच काढला. आता कागदावर दुसरी सही नको, म्हणून हक्कसोडही तलाठ्याकडं होऊन गेली. बाजारातली तिची जागा एका दुसऱ्या बाईनं घेतली. हळूहळू ओढ्याच्या दोन्ही कडांना नळ्या पसरल्या. ओढ्याकाठच्या बाकीच्या बुडक्यांचं काय झालं, त्या मी मोजल्या नाहीत. माझ्या कामात त्या येत नव्हत्या.

तीनेक वर्षांनी फिल्टर बदलायला गेलो होतो. सुबरावनं घरी नेलं. ओसरीला नवी फरशी होती. तो डाळिंबाचे भाव सांगत बसला. आतून हौसाक्का चहा घेऊन आली. केस पूर्ण पांढरे झालेले. मी घोट घेतला. साखर घालायची राहिली होती.

"आक्का, जरा साखर."

ती कप घेऊन आत गेली. डबा स्वयंपाकघराच्या फळीवर, हाताच्या अंतरावर होता. मला ओसरीवरून दिसत होता. ती त्याच्यापुढं उभी राहिली आणि परसाकडं तोंड करून तिनं हाक दिली.

"वैनी, साखर घिऊ का?"

परसातून लगेच उत्तर आलं नाही. कोंडाबाई धुणं पिळत असावी. हौसाक्का कप हातात धरून उभी राहिली. तिला घाई नव्हती, रागही नव्हता. बँकेत रांगेत उभं राहतात तशी उभी होती.

"येक चमचा घ्या," बाहेरून आवाज आला.

तिनं एक चमचा घेतला. सपाट करून. मला चहा आणून दिला, मी प्यालो.

त्या प्लॉटचा खर्च मी अजून तोंडपाठ सांगू शकतो. निम्मा सरकारनं दिला. निम्मा सुबरावनं दिला, तो त्यानं दोन बहारांत काढून घेतला. बोर्ड विक्रेत्यानं दिला. शाल खात्यानं दिली. माझा काही खर्च झाला नाही, उलट मला गाडी मिळाली. निम्मं आणि निम्मं मिळून पुरं होतं. हौसाक्कानं दिलं ते त्याच्या वर.